न दुखता जाणारी दृष्टी : दृष्टिपटलाचे विकार, त्यांची ओळख व उपचार

डोळा लाल झाला, त्यात कुसळ गेले, पाणी वाहू लागले किंवा ठणका लागला, तर कोणीही मनुष्य स्वस्थ बसत नाही. तो शेजाऱ्यास विचारतो, औषधाच्या दुकानात जातो, दुसऱ्या दिवशी दवाखाना गाठतो. वेदना हीच त्याला वैद्याकडे घेऊन जाते. परंतु डोळ्यांचे काही अत्यंत घातक विकार असे आहेत की, त्यांत डोळा दुखत नाही, लाल होत नाही, चिकटत नाही. पाहणाऱ्यास तो पूर्णपणे निरोगी दिसतो. आत मात्र दृष्टी हळूहळू, आणि काही वेळा एका रात्रीत, नाहीशी होत असते. हे विकार म्हणजे डोळ्याच्या अंतर्भागातील दृष्टिपटलाचे विकार होत.

आपल्याकडे साठीच्या आसपासच्या मनुष्यास कमी दिसू लागले की, 'मोतीबिंदू असेल, पिकला म्हणजे काढू' असे म्हणून घरची मंडळी निश्चिंत होतात. पुष्कळदा हा तर्क बरोबरही निघतो. परंतु तो चुकला तर त्याची किंमत फार मोठी असते. मोतीबिंदूमुळे अंधुक झालेली दृष्टी शस्त्रक्रियेनंतर बहुधा परत मिळते. दृष्टिपटलाच्या पेशी एकदा नष्ट झाल्या की त्या पुन्हा निर्माण होत नाहीत. पहिल्या विकारात विलंब झाला तर गैरसोय होते, दुसऱ्यात अंधत्व येते. म्हणून दृष्टिपटल म्हणजे काय, त्यास कोणते विकार जडतात, ते कसे ओळखावेत आणि त्यांवर कोणते उपचार आहेत, याची माहिती प्रत्येक कुटुंबात असणे आवश्यक आहे.

दृष्टिपटलाची रचना

डोळ्याची तुलना छायाचित्र घेण्याच्या यंत्राशी केली जाते. पुढील बाजूस पारदर्शक पारपटल, त्यामागे लहानमोठी होणारी बाहुली आणि बाहुलीच्या मागे भिंग असते. भिंगातून आलेले प्रकाशकिरण डोळ्याच्या पोकळीतील काचेसारख्या स्वच्छ, लिबलिबीत पदार्थातून पार होऊन मागील भिंतीवर पडतात. ह्या भिंतीला आतून अस्तरासारखे लागलेले नाजूक पटल म्हणजेच दृष्टिपटल. डॉक्टर त्यास रेटिना म्हणतात. त्याची जाडी सुमारे पाव मिलिमीटर असते. तरीही एवढ्याशा जागेत प्रकाश ओळखणाऱ्या सुमारे १२ कोटी दंडाकार पेशी व सुमारे ६० लाख शंक्वाकार पेशी सामावलेल्या असतात. दंडाकार पेशी मंद प्रकाशात व बाजूचे पाहण्यास उपयोगी पडतात. शंक्वाकार पेशी रंग व बारकावे ओळखतात.

दृष्टिपटलाच्या मध्यभागी पीतबिंदू नावाचा लहानसा भाग आहे. वाचणे, सुईत दोरा ओवणे, समोरच्या माणसाचा चेहरा ओळखणे, दूरून येणाऱ्या कदंबच्या बसवरील पाटी वाचणे, ही सर्व कामे ह्या एका बिंदूवर अवलंबून असतात. पेशींनी टिपलेले चित्र दृष्टिमज्जातंतूच्या मार्गे मेंदूकडे जाते आणि तेव्हाच आपणास दिसते.

दृष्टिपटलाचे काम अहोरात्र चालते आणि त्यास रक्ताची गरजही मोठी असते. केसांहून बारीक अशा रक्तवाहिन्यांचे जाळे त्यावर पसरलेले असते. ह्या जाळ्यात बिघाड झाला की पटल उपाशी राहते किंवा ओले होऊन सुजते. दुसरी लक्षात ठेवण्याची गोष्ट ही की, दृष्टिपटलास वेदना कळत नाही. त्याला फक्त प्रकाश कळतो. म्हणूनच त्याचे आजार मुकाट्याने वाढतात.

मोतीबिंदू आणि दृष्टिपटलाचा विकार यांतील भेद

मोतीबिंदूत भिंग गढूळ होते. त्यामुळे सर्वच दृश्य धुक्यातून पाहिल्यासारखे दिसते, उजेडाचा त्रास होतो आणि ही स्थिती महिनोन्‌महिने सावकाश वाढते. दृष्टिपटलाच्या विकारात पुढीलपैकी एखादे लक्षण आढळते : दृश्याच्या मधोमध डाग दिसणे, सरळ रेषा वाकड्या दिसणे, एका बाजूने पडदा ओढल्यासारखे वाटणे, डोळ्यांपुढे एकाएकी काळे ठिपके तरंगू लागणे, विजेसारखे लखलखाट दिसणे, अथवा एका डोळ्याची दृष्टी अकस्मात कमी होणे. अर्थात लक्षणांवरून घरी निदान करणे शक्य नसते. एकाच डोळ्यात दोन्ही विकार असू शकतात. म्हणून मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेपूर्वी दृष्टिपटलाचीही तपासणी करून घेतात. मोतीबिंदू फार दाट झाल्यास मागील पटल डॉक्टरांस दिसेनासे होते. तो पिकण्याची वाट पाहू नये याचे हेही एक कारण आहे.

एक साधी सवय येथे सुचवावीशी वाटते. आपण दोन्ही डोळ्यांनी पाहतो, त्यामुळे एक डोळा अधू झाला तरी दुसरा त्याची उणीव भरून काढतो आणि कित्येक महिने पत्ता लागत नाही. चाळिशीनंतर प्रत्येकाने आठवड्यातून एकदा, चष्मा असल्यास तो लावून, एक डोळा तळहाताने झाकून दुसऱ्याने खिडकीचे गज, भिंतीवरील दिनदर्शिका किंवा चौकटीच्या वहीचे पान पाहावे; मग तसेच दुसऱ्या डोळ्याने करावे. गज वाकडे दिसले, मध्यभागी काही गायब वाटले किंवा दोन डोळ्यांत फरक जाणवला, तर तपासणीस विलंब लावू नये.

मधुमेह व दृष्टिपटल

आपल्या भागात दृष्टिपटलास सर्वांत मोठा धोका मधुमेहाचा आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने केलेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनुसार वीस वर्षे व त्यावरील वयाच्या लोकांत मधुमेहाचे प्रमाण देशात ११.४ टक्के, तर गोव्यात २६.४ टक्के आढळले. सर्व राज्यांत हे प्रमाण सर्वाधिक होते. म्हणजे प्रौढ माणसांनी भरलेल्या बसमध्ये साधारणतः चारांतील एक उतारू मधुमेही असतो, आणि त्यांपैकी कित्येकांना ते ठाऊकही नसते.

रक्तातील साखर वर्षानुवर्षे वाढलेली राहिली तर दृष्टिपटलावरील सूक्ष्म वाहिन्यांच्या भिंती दुबळ्या होतात. प्रथम त्यांना बारीक फुगे येतात. मग त्यांतून रक्ताचे ठिपके व स्निग्ध द्रव पाझरू लागतो. हा द्रव पीतबिंदूपाशी साचला की तेथे सूज येते आणि वाचन कठीण होते. पुढील अवस्थेत काही वाहिन्या बंद पडतात. उपाशी राहिलेले पटल नव्या वाहिन्यांची मागणी करते आणि त्या उगवतातही. परंतु त्या अत्यंत ठिसूळ असतात. एके दिवशी त्या फुटतात, डोळ्याच्या पोकळीत रक्त पसरते आणि रोग्यास डोळ्यांपुढे कोळ्याची जाळी किंवा काजळ उतरल्यासारखे दिसते. त्यानंतर तयार होणारे तंतू आकसून दृष्टिपटलास भिंतीपासून ओढून काढतात. ही शेवटची पायरी होय.

पहिल्या पायरीपासून शेवटच्या पायरीपर्यंत पोहोचण्यास बहुधा कित्येक वर्षे लागतात. ह्या काळात रोग्यास उत्तम दिसत असते. 'मला स्पष्ट दिसते, मग तपासणी कशाला?' हा प्रश्न आपण नेहमी ऐकतो. त्याचे उत्तर असे की, स्पष्ट दिसत असतानाच उपचार सर्वाधिक गुणकारी ठरतात. मधुमेहास वीस वर्षे लोटल्यानंतर निम्म्याहून अधिक रोग्यांच्या दृष्टिपटलात कमीअधिक बदल आढळतात. त्यांतील सर्वांची दृष्टी जाते असे मात्र नाही, आणि वेळेवर लक्ष दिल्यास ती जाऊ नये अशी सोय आज उपलब्ध आहे.

प्रौढपणी जडणाऱ्या मधुमेहात रोग उघडकीस येताच पहिली नेत्रतपासणी करावी. कारण रोग समजण्यापूर्वी तो काही वर्षे शरीरात वास्तव्य करून असतो. त्यानंतर वर्षातून एकदा तपासणी करावी. लहान वयात इन्शुलिनवर अवलंबून असणाऱ्या रोग्यांची तपासणी पाच वर्षांनंतर सुरू करून दरवर्षी करीत जावी. मधुमेही स्त्रीस दिवस गेल्यास पहिल्या तीन महिन्यांतच डोळे तपासून घ्यावेत, कारण गरोदरपणात हा विकार झपाट्याने वाढू शकतो. बदल आढळल्यास डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे अधिक वेळा यावे लागते.

खरा पहिला उपचार मात्र डोळ्यांवर नसून शरीरावर आहे. अमेरिकेत व कॅनडात झालेल्या, १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात इन्शुलिन घेणाऱ्या रोग्यांनी साखर काटेकोरपणे ताब्यात ठेवली, तेव्हा दृष्टिपटलाचा विकार नव्याने होण्याचा धोका सुमारे तीन-चतुर्थांशाने घटला. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंग्लंडमधील अभ्यासाने प्रौढ मधुमेह्यांत रक्तदाब आटोक्यात ठेवल्यास विकाराची वाढ सुमारे एक-तृतीयांशाने कमी होते, असे दाखविले. गेल्या तीन महिन्यांतील साखरेची सरासरी सांगणारी रक्ततपासणी वेळोवेळी करावी, रक्तदाब व चरबी तपासावी, तंबाखू व विडी-सिगारेट सोडावी, दररोज चालावे. पेज, भात व पाव यांचे प्रमाण किती असावे हे डॉक्टरांस विचारून ठरवावे आणि चतुर्थीच्या दिवसांतही ते विसरू नये. साखर ताब्यात आली म्हणून स्वतःच्या मनाने औषध बंद करणे हे दृष्टीशी वैर करण्यासारखे आहे.

डोळ्यांवरील उपचार तीन प्रकारचे आहेत. पहिला लेसर किरणांचा. उपाशी पटलाच्या कडेच्या भागावर बारीक किरणांचे डाग देऊन त्याची रक्ताची मागणी कमी केली जाते व ठिसूळ वाहिन्या सुकतात. अशा किरणोपचाराने गंभीर दृष्टिनाशाचा धोका निम्म्याहून कमी होतो, हे १९७६ मध्येच सिद्ध झाले. ह्यासाठी रुग्णालयात राहावे लागत नाही. थेंब घालून डोळा बधिर करतात आणि काही मिनिटांत काम आटोपते. मात्र दोन-तीन बैठका लागू शकतात. दुसरा उपचार म्हणजे डोळ्यात दिले जाणारे इंजेक्शन. नव्या वाहिन्या वाढविणाऱ्या व सूज आणणाऱ्या द्रव्यास हे औषध अडविते. २००५ नंतर ह्या औषधांचा प्रसार झाला आणि पीतबिंदूच्या सुजेवर ती प्रमुख उपचार ठरली. डोळ्यात सुई, ही कल्पनाच भीतिदायक वाटते. परंतु डोळा बधिर केल्यामुळे फार तर किंचित दाब जाणवतो. ही इंजेक्शने प्रारंभी दर महिन्यास घ्यावी लागतात आणि एका इंजेक्शनाने काम भागत नाही, हे आधीच समजून घ्यावे. तिसरा उपचार शस्त्रक्रियेचा. पोकळीत साचलेले रक्त व ओढणारे तंतू सूक्ष्म उपकरणांनी काढून टाकतात. ही पद्धत रॉबर्ट माखेमर ह्या शल्यचिकित्सकाने अमेरिकेत १९७० च्या सुमारास विकसित केली. त्यापूर्वी अशा डोळ्यांकरिता फारसे काही करता येत नसे.

रक्तदाब आणि वाहिन्या तुंबणे

रक्तदाब दीर्घकाळ वाढलेला असल्यास दृष्टिपटलातील वाहिन्या कठीण व अरुंद होतात. कधी अशुद्ध रक्त परत नेणारी नीला तुंबते. पहाटे उठल्यावर एका डोळ्याने अंधुक दिसते, वेदना मात्र नसते. इंजेक्शने व लेसर यांनी ह्यात पुष्कळांना लाभ होतो. शुद्ध रक्त आणणारी धमनी बंद झाली तर दृष्टी क्षणार्धात जाते. हा प्रकार पक्षाघाताच्या जातीचा असून प्रत्येक तास मोलाचा असतो. काही मिनिटे दृष्टी जाऊन ती परत आली तरीही निर्धास्त राहू नये. तो पुढील संकटाचा इशारा असू शकतो. अशा वेळी थेट मोठ्या रुग्णालयाच्या आकस्मिक विभागात जावे.

दृष्टिपटल सुटणे

भिंतीचा गिलावा ओलीमुळे सुटून खाली यावा, तसे दृष्टिपटल आपल्या आधारापासून सुटते. ह्याचे कारण बहुधा पटलास पडलेले छिद्र असते. छिद्रातून द्रव आत शिरतो व पटल उचलले जाते. ज्यांचा दूरचे पाहण्याचा चष्मा जाड, म्हणजे मोठ्या उणे क्रमांकाचा आहे, ज्यांच्या डोळ्यांस मार लागला आहे, ज्यांची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली आहे किंवा ज्यांच्या घरात हा विकार पूर्वी झाला आहे, त्यांना धोका अधिक असतो.

ह्याची तीन लक्षणे प्रत्येकाने पाठ करावीत : एकाएकी वाढलेले तरंगणारे ठिपके, अंधारातही दिसणारे विजेचे लखलखाट आणि एका कडेने पुढे सरकणारी काळी सावली. एखाददुसरा जुना ठिपका तरंगत असेल तर घाबरण्याचे कारण नाही. पण नवा थवा उठला तर त्याच दिवशी तपासणी हवी. नुसते छिद्र असताना लेसरने त्याच्या कडा पक्क्या करता येतात आणि संकट टळते. पटल सुटल्यावर शस्त्रक्रियेवाचून उपाय नाही. आणि सावली पीतबिंदूपर्यंत पोहोचण्यापूर्वी शस्त्रक्रिया झाली तर दृष्टी चांगली राहते. येथे दिवसांचा हिशोब असतो, महिन्यांचा नव्हे.

शंभर वर्षांपूर्वी हा विकार असाध्य समजला जाई. स्वित्झर्लंडमधील लोझान येथील डॉक्टर झ्यूल गोनँ यांनी सर्व अनर्थाचे मूळ छिद्रात आहे हे ओळखून ते बंद करण्याची पद्धत १९२० च्या दशकात रूढ केली. आज डोळ्याच्या बाहेरून सिलिकॉनची पट्टी बसवून, किंवा आत वायू अथवा सिलिकॉनचे तेल भरून पटल जागेवर बसवितात. वायू भरल्यानंतर काही दिवस सांगितलेल्या स्थितीत, कित्येकदा मान खाली घालून, राहावे लागते. हे पथ्य कंटाळवाणे असले तरी यश त्यावर अवलंबून असते. वायू डोळ्यात असेपर्यंत विमानप्रवास करू नये; चोर्ला किंवा अनमोडसारखा घाट चढून जाण्यापूर्वीही डॉक्टरांस विचारावे, कारण उंचीवर वायू प्रसरण पावतो व डोळ्यावरील दाब वाढतो.

वृद्धापकाळातील पीतबिंदूचा ऱ्हास

पन्नाशीनंतर काहींच्या पीतबिंदूची झीज होऊ लागते. माणूस घरात चालतो-फिरतो, कडेचे त्यास दिसते; पण वर्तमानपत्र वाचता येत नाही, तांदूळ निवडता येत नाहीत, नातवाचा चेहरा पुसट दिसतो. ह्या विकाराचे दोन प्रकार आहेत. शुष्क प्रकार सावकाश वाढतो. ओल्या प्रकारात पटलाखाली नव्या वाहिन्या उगवून रक्त व द्रव साचतो, रेषा वाकड्या दिसतात आणि काही आठवड्यांत मधली दृष्टी जाऊ शकते. ओल्या प्रकारावर वर सांगितलेली इंजेक्शने परिणामकारक आहेत. म्हणूनच खिडकीच्या गजांची कसोटी उपयोगी ठरते. शुष्क प्रकाराच्या मध्यम अवस्थेत विशिष्ट जीवनसत्त्वे व जस्तयुक्त गोळ्यांनी वाढ काहीशी मंदावते, परंतु त्या सरसकट सर्वांसाठी नाहीत. धूम्रपान हे ह्या विकाराचे टाळता येण्याजोगे सर्वांत मोठे कारण आहे.

रातांधळेपणाची दोन कारणे

संध्याकाळ होताच मूल चाचपडू लागले तर दोन शक्यता असतात. पहिली म्हणजे 'अ' जीवनसत्त्वाचा अभाव. हा पूर्णपणे बरा होतो. लसीकरणाच्या कार्यक्रमात नवव्या महिन्यात १ लाख एककांची व त्यानंतर दर सहा महिन्यांनी २ लाख एककांची मात्रा, अशा पाच वर्षांपर्यंत एकूण नऊ मात्रा देतात; त्या चुकवू नयेत. पालेभाज्या, गाजर, पिकलेली पपई, आंबा, अंडी व दूध आहारात असावे.

दुसरी शक्यता वंशपरंपरेने येणाऱ्या विकाराची. त्यात प्रथम दंडाकार पेशी मरतात. आधी रात्रीचे दिसणे जाते, मग बाजूचे, आणि शेवटी नळीतून पाहिल्यासारखे समोरचे तेवढे उरते. मूल वर्गात फळ्यावरचे वाचते, पण बाकाला अडखळते; शिक्षक त्यास धांदरट समजतात. जवळच्या नात्यातील विवाह, जसे मामाच्या मुलीशी लग्न, हे अशा काही दोषांची शक्यता वाढवितात. एका विशिष्ट जनुकाच्या दोषावरील उपचारास २०१७ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली आहे, परंतु बहुसंख्य रोग्यांकरिता अद्याप खात्रीचा इलाज नाही. म्हणून 'हमखास गुण' देण्याच्या जाहिरातींवर पैसा खर्च करू नये. त्याऐवजी दृष्टीची नियमित मोजणी, कुटुंबातील इतरांची तपासणी, विवर्धक भिंगे, पांढरी काठी आणि शिक्षण यांकडे लक्ष द्यावे. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात अंधत्वाबरोबर अल्पदृष्टीचाही समावेश आहे. त्यानुसार प्रमाणपत्राची चौकशी जिल्हा रुग्णालयात करावी.

बालकांच्या बाबतीत विशेष दक्षता

दिवस पुरे होण्यापूर्वी जन्मलेल्या बालकाचे दृष्टिपटल अपुरे वाढलेले असते. त्यावरील वाहिन्या भलत्याच रीतीने वाढल्यास काही आठवड्यांत कायमचे अंधत्व येते. ३४ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या किंवा २,००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या प्रत्येक बालकाची तपासणी जन्मापासून ३० दिवसांच्या आत झालीच पाहिजे. अतिशय लहान बालकांची त्याहूनही आधी, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात. 'बाळ अजून नाजूक आहे, सव्वा महिन्यानंतर बाहेर काढू' हा विचार मायेपोटी केलेला असला तरी येथे घातक ठरतो. सुतकाचे दिवस संपेपर्यंत उपचाराची वेळ निघून गेलेली असू शकते.

बाळाच्या बाहुलीत मांजराच्या डोळ्यासारखी पांढरी चकाकी दिसली, छायाचित्रात एक डोळा लाल व दुसरा पांढरा आला, किंवा डोळा तिरळा झाला, तर तत्काळ नेत्रतज्ज्ञास दाखवावे. क्वचित तो दृष्टिपटलाचा कर्करोग असतो. तो बहुधा पाच वर्षांच्या आतील मुलांत आढळतो आणि लवकर कळल्यास मुलाचे प्राण व पुष्कळदा डोळाही वाचतो.

सूर्यग्रहण व इजा

१६ फेब्रुवारी १९८० रोजी खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा कारवार-हुबळी भागातून गेला, तेव्हा पुष्कळ लोक भीतीने दारे लावून बसले होते. ग्रहणाच्या वेळी घराबाहेर पडण्यात कोणताही अपाय नाही. अपाय आहे तो सूर्याकडे उघड्या डोळ्यांनी टक लावण्यात. त्यामुळे पीतबिंदू भाजतो, आणि भाजल्याचे त्या वेळी कळतही नाही. काजळी धरलेली काच, जुनी छायाचित्रपट्टी किंवा पाण्यातील प्रतिबिंब ही सुरक्षित साधने नव्हेत. शाळांनी प्रमाणित गाळणीचे चष्मे वापरावेत किंवा लहान छिद्रातून भिंतीवर प्रतिमा पाडून ग्रहण दाखवावे. विशेष हे की, ग्रहणाने भाजलेल्या दृष्टिपटलाचे निरीक्षण करतानाच जर्मन डॉक्टर मायर-श्विकेराथ यांना प्रकाशाने उपचार करण्याची कल्पना सुचली, आणि आजच्या लेसर उपचाराचा पाया तेथे घातला गेला.

विटी, फुटबॉल, फटाका किंवा झाडाची फांदी यांचा मार डोळ्यास लागला असेल, तर सूज उतरली म्हणून प्रकरण मिटले असे समजू नये. पटलास पडलेले छिद्र काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी उपद्रव देऊ शकते. अशा प्रत्येक डोळ्याची आतून तपासणी व्हावी.

तपासणी कशी होते

हर्मान फॉन हेल्महोल्ट्झ यांनी १८५१ मध्ये डोळ्याच्या आत पाहण्याचे साधन जगापुढे मांडले, तेव्हापासून जिवंत माणसाचे दृष्टिपटल पाहता येऊ लागले. आजही तपासणीचे तत्त्व तेच आहे. थेंब घालून बाहुली मोठी करतात व वीस-तीस मिनिटांनी प्रकाश टाकून आत पाहतात, किंवा पटलाचे छायाचित्र घेतात. आवश्यक तेथे प्रकाशाच्या साहाय्याने पटलाच्या थरांचा आलेख काढतात. ह्यात वेदना नाही. काही तास जवळचे अंधुक दिसते व उजेड सहन होत नाही. म्हणून त्या दिवशी दुचाकी चालवू नये, सोबत कोणास तरी न्यावे आणि गडद चष्मा जवळ ठेवावा. केवळ चष्म्याचा क्रमांक काढून घेणे म्हणजे दृष्टिपटलाची तपासणी नव्हे, हे नीट समजून घ्यावे.

आणखी एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. लेसर करून घेतलेला रोगी पुष्कळदा तक्रार करतो की, 'दिसणे काही सुधारले नाही.' त्या उपचाराचा मुख्य हेतू उरलेली दृष्टी राखणे हा असतो. बांध घातल्याने वाहून गेलेली माती परत येत नाही. उरलेले शेत मात्र वाचते. मध, कांद्याचा रस किंवा झाडपाल्याचे थेंब डोळ्यात घातल्याने दृष्टिपटलापर्यंत कोणताही गुण पोहोचत नाही. उलट पारपटलास जखम होण्याचा संभव असतो.

कोणी काय करावे

ग्रामस्थांनी : घरातील मधुमेही व रक्तदाबाच्या रोग्याची डोळ्यांच्या तपासणीची तारीख औषधाच्या वहीत लिहून ठेवावी. एकाएकी कमी दिसणे, सावली, लखलखाट किंवा ठिपक्यांचा थवा आढळल्यास त्याच दिवशी म्हापसा किंवा मडगाव येथील जिल्हा रुग्णालय अथवा बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय गाठावे. इतर भागांतील वाचकांनी आपल्या जिल्हा रुग्णालयाच्या नेत्रविभागात जावे.

शिक्षकांनी : पुस्तक नाकाशी धरणारे, सायंकाळी अडखळणारे, चेंडू न दिसणारे मूल आळशी किंवा मंद ठरविण्यापूर्वी त्याचे डोळे तपासून घेण्यास पालकांना सांगावे. आरोग्यतपासणीच्या दिवशी प्रत्येक मुलाचा एकेक डोळा झाकून दृष्टी पाहावी.

अधिकारी व पंचायतींनी : मोतीबिंदूच्या शिबिरांबरोबर दृष्टिपटलाच्या तपासणीची व्यवस्था ठेवावी. मधुमेहाच्या बाह्यरुग्ण विभागात आलेला रोगी नेत्रतपासणीवाचून परत जाऊ नये अशी साखळी जोडावी. पुढे पाठविलेला रोगी खरोखर पोहोचला की नाही, याची नोंद आरोग्यसेविकेकडे असावी. चिठ्ठी दिली की काम संपले असे होत नाही. बसभाडे, बुडणारी मजुरी आणि सोबतीस माणूस नसणे ह्या कारणांनी कित्येक चिठ्ठ्या खिशातच राहतात. त्या अडचणी गावपातळीवरच सोडविता येण्याजोग्या आहेत.

भारत सरकारने अंधत्वनियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ मध्ये सुरू केला. त्यामुळे मोतीबिंदूची शस्त्रक्रिया गावोगाव परिचयाची झाली व तिची भीती गेली. आता दृष्टिपटलाच्या तपासणीविषयीही तशीच जाण निर्माण व्हावयास हवी. डोळा दुखेल तेव्हा पाहू, असे म्हणून येथे भागत नाही, कारण तो दुखणारच नाही. मधुमेही वडील, जाड चष्म्याचा भाऊ, दिवस पुरे होण्यापूर्वी जन्मलेले बाळ किंवा सायंकाळी चाचपडणारी मुलगी आपल्या घरात असेल, तर ह्याच महिन्यात त्यांची तपासणी करून घ्यावी.